दोन टोल म्हणजे मागे

सकाळी साडेसहा. अमावास्येची ओहोटी तळाला लागली आहे. मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाच्या, एरवी पाण्याखाली असणाऱ्या शेवाळी पायऱ्याही उघड्या पडल्या आहेत. आमची लाकडी लाँच बाहेर नांगरावर. होडक्यातून तिच्यावर चढलो की खलाशी डेक धुवायला घेतात आणि मी इंजिनरूमची फळी उचलून खाली उतरतो. सुकाणू सारंगाकडे, इंजिन आणि गेअर माझ्याकडे. परवानेही दोघांचे वेगळे.

इंजिनाआधी गेअरबॉक्स बघायचा, ही सवय मला उस्तादांनी लावली. डीपस्टिक काढून तेल बोटांवर चोळायचं. स्वच्छ असेल तर ठीक. दुधाळ दिसलं तर कूलर फुटून खारं पाणी आत शिरलंय. जळका वास आला तर क्लचप्लेटी घसरताहेत. दोन्हींपैकी एक जरी असलं तरी त्या दिवशी फेरी नाही, धक्क्यावर कितीही गर्दी असो. मग शाफ्टची ग्लँड. शाफ्ट फिरताना तिच्यातून थेंब थेंब पाणी आलंच पाहिजे. कोरडी ठाक आवळली तर पॅकिंग जळतं आणि शाफ्टला चर पडतो. समुद्राचं पाणी आत घेणारा सी कॉक उघडला, इंजिन मारलं. एक्झॉस्टमधून पाणी पडतंय, असं खलाशाने वरून ओरडून सांगितलं.

नांगर उचलण्याआधी गेअर पुढे, न्यूट्रल, मागे असा टाकून बघतो. रिव्हर्स लागत नाही हे नांगरावर कळलं तर दुरुस्ती होते. धक्क्यासमोर कळलं तर काय होईल ते सांगायला नको. लाँचला ब्रेक नसतो. तिला थांबवणारी गोष्ट एकच, उलटा फिरणारा पंखा.

साडेआठ. पाणी चढू लागलंय. धक्क्याला आधीच दोन लाँच लागल्यात, आम्ही तिसरे. प्रवासी त्यांच्यावरून पाय टाकत आमच्याकडे येतात. काल सोमवार, लेणी बंद, म्हणून आज घारापुरीला जाणारे जास्त आहेत. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय सुटायचं नाही. १८ डिसेंबर २०२४ ला इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून ‘नीलकमल’ या फेरीवर आदळली, माणसं गेली. ती फेरीही आमच्यासारखी गेटवेहून घारापुरीलाच निघाली होती. तेव्हापासून जॅकेटची फीत कोणी सैल ठेवलेली दिसली तर आमचा खलाशी स्वतः आवळून देतो. बरं करतो.

नऊ वाजता सुटतो. मागे यायचं असलं तरी आधी पुढेच जायचं असतं. नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, दोरी धरून ठेवायची, सुकाणू धक्क्याकडे वळवायचं आणि गेअर हलकेच पुढे. दोरीमुळे लाँच सरकत नाही, फक्त पिछाडी बाहेर फाकते. ती मोकळ्या पाण्याकडे झाली की न्यूट्रल, दोरी सोडायची आणि मग रिव्हर्स.

हे सगळं मी खाली बसून, बाहेरचं काही न बघता करतो. वरून एक दोरी आली आहे, तिच्या टोकाला माझ्या डोक्याशी घंटा. उभे असताना एक टोल म्हणजे पुढे. चालत असताना एक टोल म्हणजे न्यूट्रल. दोन टोल म्हणजे मागे. घाईघाईने किणकिण झाली की वेग वाढवायचा. त्यामुळे आपण आता कुठल्या गेअरमध्ये आहोत हे सतत डोक्यात ठेवावं लागतं. तोच एक टोल दोन वेळांना दोन उलट कामं सांगतो. नवीन बोटींवर एकच दांडा सुकाणूपाशी असतो, गेअर आणि रेस त्यातच. सोय मोठी आहे, मी नाकारत नाही. पण दांडा इतका सहज फिरतो की तरुण पोरं पुढून थेट मागे ओढतात, आणि ते बघून माझ्या पोटात गोळा येतो.

कारण इंजिन कधीच उलटं फिरत नाही. ते एकाच दिशेने धावत राहतं. गेअरबॉक्सात दोन क्लच, एक पुढचा, एक मागचा. तेलाच्या दाबाने ज्याच्या प्लेटी आवळल्या जातात, त्या दिशेने शाफ्ट फिरतो. शिवाय वेगही तिथेच उतरतो; आमच्याकडे तीनास एक, म्हणजे इंजिनाचे अठराशे फेरे झाले की पंख्याचे सहाशे. दाबाचा काटा अठरा-वीस किलोवर असला की प्लेटी घट्ट बसल्यात. अर्धवट दाबावर रेस दिली तर त्या घासत जळतात.

साडेनऊच्या सुमारास, जवाहर द्वीपाच्या अलीकडे, मासेमारीची होडी आडवी आली. मला दिसली नाही. दोन टोल ऐकू आले, जोरात. अशा वेळी हात आधी रेसकडे जातो, गेअरकडे नाही. रेस खाली. न्यूट्रल. आणि तिथे थांबायचं. लाँच अजून पुढे धावत असते, आणि पाणीच पंख्याला सरळ दिशेने फिरवत असतं. त्या फिरत्या पंख्यावर रिव्हर्स लादला तर इंजिन गुदमरून बंद पडतं. मग ना पुढे, ना मागे. दोन-तीन सेकंद. शाफ्टची कपलिंग डोळ्यांसमोरच असते, तिचे बोल्ट वेगळे दिसू लागले की गेअर मागे, आणि काटा चढला की रेस. अख्खी लाँच थरथरली, फळ्या कुरकुरल्या, वेग मेला. वरून एक टोल. न्यूट्रल. थोड्या वेळाने आणखी एक. पुढे. चाचा, आमचे सारंग, श्रीवर्धनकडचे, त्यांनी खाली वाकून एवढंच म्हटलं, “गेली ती. पोरगाच होता सुकाणूवर.”

दहाला घारापुरी. भरती जोरात आहे, तेव्हा चाचा लाँच पाण्याच्या तोंडावर घेतात. समोरून पाणी आलं की हळू चालतानाही सुकाणू ऐकतं. रिव्हर्समध्ये मात्र ते जवळपास मुकं होतं. पुढे जाताना पंख्याचं पाणी थेट सुकाणूच्या पात्यावर बसतं, मागे जाताना ते पुढे, लाँचच्या पोटाकडे फेकलं जातं. आमचा पंखा उजवा, मागून पाहिलं तर पुढे जाताना घड्याळाच्या काट्यांसारखा फिरणारा. उलटा फिरला की त्याचं पाणी पिछाडीच्या उजव्या कुशीवर जास्त आदळतं आणि पिछाडी डावीकडे सरकते. ही खोड नव्हे, हीच आमची मदत. चाचा धक्का डाव्या हाताला ठेवतात, नाळ थोडी तिरकी घालून येतात, आणि शेवटी दोन टोल देतात. लाँच थांबतेही आणि तिची पिछाडी आपोआप धक्क्याला येऊन टेकते. टायर दबतात, दोरी खुंट्यावर पडते. उजव्या अंगाने लागायचं असलं की हीच पिछाडी धक्क्यापासून दूर पळते, तेव्हा तिथे फार हळू यावं लागतं आणि रिव्हर्स अगदी बेताचा द्यावा लागतो.

दुपार सोपी. साडेबाराच्या आसपास पाणी पूर्ण भरून थबकलेलं, सारंगाला ओढ नाही, मला घंटा कमी. खलाशांबरोबर भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी.

दीडच्या फेरीला इंजिन जड वाटू लागलं, धूर काळा. पंख्याला प्लॅस्टिक. बंदरात हे आता नेहमीचं झालंय, आणि मला त्याचा मनापासून संताप येतो. पुलावरून, धक्क्यावरून, आमच्याच डेकवरून टाकलेल्या पिशव्या. पिशवी असेल तर न्यूट्रल, मग थोडा रिव्हर्स, पुन्हा न्यूट्रल. गुंडाळी उलगडून सुटते. आज सुटली. जाळ्याची दोरी असेल तर हा प्रयोग करायचा नाही, ती आणखी आवळते. इंजिन बंद करून सुरी घेऊन पाण्यात उतरणं हाच मार्ग.

साडेपाच, घारापुरीहून शेवटची फेरी. दिवसातलं सगळ्यात अवघड काम हेच. पाणी खूप उतरलंय, धक्क्याच्या दोन्ही बाजूंना चिखल दिसतोय, आणि आम्हाला तोंड फिरवून निघायचंय. जागा लाँचच्या लांबीहून थोडीच जास्त. चाचा सुकाणू पूर्ण उजवीकडे घालून ते तसंच ठेवतात. एक टोल, पुढे रेसचा एक झटका: नाळ उजवीकडे. न्यूट्रल. दोन टोल, मागे: पिछाडी डावीकडे. न्यूट्रल. पुन्हा पुढे. लाँच जागच्या जागी वळते. दर दोन झटक्यांमध्ये तो न्यूट्रलचा थांबा असतोच, आणि तो चाचांना ठाऊक असल्यामुळे ते टोल तेवढे आधी देतात. कूलरकडे जाणारं पाणी गढूळ झालंय का, यावर माझा एक डोळा असतो. पंखा चिखल उकरायला लागला की तोच गाळ नळीत शिरतो.

सातनंतर लाँच परत नांगरावर. इंजिन थोडा वेळ न्यूट्रलमध्ये धावू देतो, गेअरचं गरम तेल निवायला वेळ मिळतो. मग बंद, सी कॉक बंद, बिल्जचं पाणी बघितलं, ग्लँड अर्धा आटा आवळली. गाळणी काढून धुतली. आत बिस्किटाचं वेष्टन निघालं.

होडक्यात बसताना चाचांनी उद्याचा हिशेब सांगितला. पाऊण तासाने पाणी मागे पडणार. संध्याकाळी घारापुरीला थोडं जास्त मिळेल, पण सकाळी गेटवेला आजच्याहून कमी. म्हणजे साडेआठला बाहेरच्या लाँचला लागायचं, आणि तेही उजव्या अंगाने. “रिव्हर्स अगदी हलका ठेव,” ते म्हणाले. मी म्हटलं, “चाचा, तुम्ही टोल जरा लवकर द्या.”