भांडी चकाचक, पण ओलीच! डिशवॉशर बिघडला की आपले काही चुकते?

नारायणगाव, मंचर, आळेफाटा परिसरातील घरांत आणि जुन्नरला पर्यटकांसाठी चालवल्या जाणाऱ्या काही मुक्कामाच्या घरांतही आता डिशवॉशर दिसू लागला आहे. टोमॅटोच्या हंगामात घरातल्या बायका पहाटेपासून शेतात असतात. सकाळच्या भांड्यांचा ढीग कोणी तरी उपसावाच लागतो. मशीन तो उपसतेही. तक्रार वेगळीच असते. भांडी स्वच्छ निघतात, पण ओली! मग फडके घेऊन एकेक वाटी पुसत बसायचे. तसेच रचून ठेवले तर डब्यांना कुबट वास येतो आणि लोखंडी तव्यावर गंज चढतो.

अशा वेळी पहिला फोन मेकॅनिकला जातो. तो पुणे किंवा चाकणहून येणार, म्हणजे दोन-चार दिवसांची वाट आणि व्हिजिटचे पैसे. त्यात मशीन ठणठणीत निघण्याची शक्यता बरीच. म्हणून आधी मशीन भांडी वाळवते कसे, ते पाहू.

पंखा नाही, मग वाळते कसे?

घरगुती डिशवॉशरपैकी बहुतेकांत भांड्यांवर गरम हवा सोडणारा पंखा नसतो. शेवटच्या खळबळीचे पाणी साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवले जाते. त्यात भांडी तापतात, त्यांच्यावरच्या पाण्याची वाफ होते, ती मशीनच्या थंड स्टीलच्या भिंतीवर जमते आणि ओघळून खाली जाते. म्हणजे भांडे वाळते ते स्वतःत साठलेल्या उष्णतेवर. शेवटच्या अर्ध्या तासात मशीन गप्प उभे असते, ते बंद पडले म्हणून नव्हे.

आपल्या स्वयंपाकघराची अडचण इथेच आहे. ही पद्धत चिनी मातीच्या जाड ताटल्यांना मानवते. ४०० ग्रॅमची अशी ताटली ६५ अंशांवरून ३५ वर येताना चार ग्रॅमहून अधिक पाणी उडवू शकते. १०० ग्रॅमची स्टीलची वाटी तेवढीच थंड होताना जेमतेम अर्ध्या ग्रॅमहून थोडे जास्त, म्हणजे दहा-बारा थेंब. प्लॅस्टिकच्या डब्याचे आणखी अवघड. तो हलका, उष्णता लवकर पृष्ठभागावर आणत नाही आणि त्यावर पाणी पसरण्याऐवजी टपोरे थेंब होऊन बसते. प्लॅस्टिकचे डबे ओले निघाले तर मशीनला दोष देऊ नका. ते पुसावेच लागतात.

थोडक्यात, स्टीलवर मुळात पाणी कमी राहिले पाहिजे. ते काम रिन्स एडचे.

रिन्स एड संपलेय का?

पावडरीच्या कप्प्याशेजारी गोल झाकणाचा एक छोटा कप्पा असतो. अनेक घरांत तो मशीन बसवल्या दिवशी भरला जातो आणि नंतर कोणी उघडत नाही. त्यातले द्रव्य शेवटच्या पाण्यात मिसळते, थेंब धरून न राहता पाणी पातळ थरासारखे ओघळते. थेंब उडवण्यापेक्षा निथळवणे स्वस्त. कप्प्यात मात्रा कमी-जास्त करण्याची सोयही असते. भांडी ओली राहत असतील तर एकेक अंकाने वाढवा. भांड्यांवर निळसर झाक किंवा फेस दिसला तर एक अंक मागे या. ‘सगळे एकात’ म्हणून मिळणाऱ्या गोळ्या वापरणाऱ्यांनीही हा कप्पा भरून पाहावा, फरक बहुधा पहिल्याच फेरीत कळतो. त्याजागी व्हिनेगर ओतण्याचा घरगुती उपाय मात्र टाळा, मशीनचे रबरी भाग खराब होऊ शकतात.

मग मीठ कशासाठी?

इथे बरीच गल्लत होते. मीठ भांडी वाळवण्यासाठी नसते, पाण्यातला जडपणा काढणाऱ्या सॉफ्टनरसाठी असते. ते संपले की वाळलेल्या भांड्यांवरही पांढरे डाग राहतात आणि भांडी नीट वाळली नाहीत असे वाटते. डागावर थोडे लिंबू चोळा. गेला तर तो क्षार होता.

एकाच गावात नळाचे, विहिरीचे आणि बोअरचे पाणी वेगवेगळे असते. उन्हाळ्यात टँकर आला की पुन्हा बदल. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, ही जड पाण्याची जुनी खूण. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळते. तो आकडा पाहून मशीनचे सेटिंग करा. मीठ मशीनसाठीचे जाडच हवे. जेवणातले बारीक मीठ सॉफ्टनरमध्ये अडकते. भरल्यावर लगेच एक फेरी चालवा, नाहीतर सांडलेल्या खारट पाण्याने आतून गंज धरतो.

वीज गेली, व्होल्टेज पडले

फेरीत वीज गेली तर ती कोणत्या टप्प्यात गेली यावर सारे अवलंबून. शेवटच्या अर्ध्या तासात गेली तर बहुतेक मशीनमध्ये फारसे बिघडत नाही, कारण तेव्हा हीटर बहुधा चालूच नसतो. शेवटचे पाणी तापत असताना गेली तर भांडी ओली निघणार. कमी व्होल्टेज त्याहून फसवे. २३० ऐवजी १९० व्होल्ट आले तर हीटरची ताकद सुमारे दोन तृतीयांशच उरते. मोटारी सुरू असण्याच्या वेळा टाळून मशीन लावून पाहा. हीटर साधारण दोन किलोवॉटचा असल्याने घरच्या इन्व्हर्टरवर तो चालवायचा विचार सोडा.

प्रोग्रॅमही पाहा. तीस मिनिटांच्या झटपट फेरीत वाळवण्याचा टप्पा अनेकदा नसतोच, आणि इको फेरीत पाणी कमी तापते. स्टीलसाठी ६५-७० अंशांची फेरी निवडा.

पावसाळ्यात दार कधी उघडायचे?

भीमाशंकर, नाणेघाटाच्या बाजूला पाऊस लागला की हवाच ओली. तरी दार उघडणे फायद्याचे, पण वेळेत. भांडी गरम असतानाच फेरी संपल्यावर पाच-दहा मिनिटांनी दार वीतभर उघडा. थंड झाल्यावर उघडले तर त्या हवेत ती वाळत नाहीत. वर प्लायवूडचा ओटा असेल तर दार पूर्ण उघडा, वाफेने ओटा फुगतो.

वाट्या, पेले तिरपे ठेवा, तळाच्या खोलगट कडेत पाणी साचते. रिकामे करताना आधी खालची जाळी काढा, नाहीतर वरच्या पेल्यांतले पाणी वाळलेल्या ताटांवर सांडते.

मेकॅनिक केव्हा?

६५ अंशांची फेरी लावा आणि अर्ध्या तासाने सांभाळून दार उघडा. वाफ आली, भांडी हाताला चटकली तर हीटर चालू आहे. पाणी गारच असेल तर हीटर किंवा तापमानाचा सेन्सर गेला असावा. तळाशी पाणी साचून राहिले असेल तर आधी जाळी काढून धुवा, निचऱ्याची नळी कुठे मुडपली आहे का बघा. तरीही तसेच राहिले तर फोन करा. फोनवर फक्त ‘भांडी ओली राहतात’ एवढेच सांगू नका; कोणती फेरी, पाणी तापते की नाही, रिन्स एड भरले आहे का हेही सांगा. म्हणजे मेकॅनिक सोबत योग्य सुटा भाग घेऊन निघेल आणि दुसऱ्या खेपेचे पैसे वाचतील.