काचेतला कायमचा आषाढ

रत्नागिरीच्या कुठल्याही जुन्या वाडीत, श्रावणात, जांभ्याच्या गडग्यापाशी दोन मिनिटं थांबावं. चिऱ्याच्या भोकाभोकांत पाणी मुरलेलं असतं. त्यावर मॉसचा हिरवा थर, फटींतून हंसराजाची नाजूक पानं, सावलीच्या अंगाला रानबेगोनियाची फिकट गुलाबी फुलं. दगड जरा हलवला की एखादा बेडूक टुणकन बाहेर पडतो. घरातल्या काचेच्या बागेला, म्हणजे टेरॅरियमला, जे जे लागतं ते या गडग्यात आयतं आहे: ओल धरणारा सच्छिद्र दगड, मातीचा पातळ थर, सावली आणि पाण्याला खाली निघून जायला वाट.

अशी पेटी पहिल्यांदा घडली ती मात्र धुराने काळवंडलेल्या लंडनमध्ये. नथॅनियल बॅगशॉ वॉर्ड या डॉक्टरने 1829 मध्ये पतंगाचा एक कोश ओल्या मातीत घालून बंद बाटलीत ठेवला होता. काही दिवसांनी त्या मातीतून नेच्याचा कोंब वर आला. अंगणातले त्याचे नेचे कोळशाच्या धुराने मरत होते, आणि हा कोंब कोणी पाणी न घालता वाढत होता. दिवसा मातीतून आणि पानांतून वाफ निघायची, गार काचेवर तिचे थेंब व्हायचे, थेंब पुन्हा मातीत उतरायचे. 1833 मध्ये वॉर्डने अशा पेट्यांतून सिडनीला झाडं पाठवली. महिनोन्‌महिन्यांच्या समुद्रप्रवासानंतरही ती तगली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यूनने चीनमधली चहाची रोपं हिंदुस्थानात आणली ती याच पेट्यांतून.

लंडनची हवा कोरडी नसली तरी गार होती, त्यामुळे काचेवर पाणी धरायचं. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत, आणि रात्रीही हवा फारशी उतरत नाही. पूर्ण बंद पेटी इथे सतत घामेजलेली राहते, आतली हवा हलत नाही आणि पानांवर बुरशी चढते. म्हणून पेटीला समोरून खाली एक अरुंद फट आणि वर बारीक जाळी ठेवावी. गरम हवा वरून निघते, ताजी खालून शिरते. पेटीवर थेट ऊन कधीही पडू देऊ नये. ऊन काचेतून आत येतं, पण तापलेली हवा तेवढ्या वेगाने बाहेर पडू शकत नाही, आणि मे महिन्यात अर्ध्या तासात झाडं शिजतात. उत्तरेची खिडकी किंवा साधा एलईडी दिवा पुरतो.

तळाला जांभ्याचे सुपारीएवढे तुकडे धुऊन तीन-चार सेंटीमीटर पसरावेत. हा दगड पाणी पितो आणि हळूहळू सोडतो, त्यामुळे विकतचे मातीचे गोळे आणायची गरज नाही. त्यावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा, म्हणजे माती खाली उतरत नाही. मग कोकोपीट, लाकडी कोळशाचा चुरा आणि कुजलेला पाचोळा. कोकोपीटमध्ये मीठ असू शकतं, म्हणून चहासारखं पाणी सुटायचं थांबेपर्यंत ते धुवावं. मागच्या काचेला नारळाची सोडणं उभी लावली तर नेच्यांची मुळं त्यांना छान धरतात. पाचोळ्यात राहणारे स्प्रिंगटेल नावाचे सूक्ष्म जीव बुरशी खातात; पेटीतली खरी झाडलोट तेच करतात.

आता झाडं. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या पठारावरची, सीतेची आसवं, गेंद, हबेअमरी किंवा गडग्यावरचा रानबेगोनिया आणण्याचा मोह प्रत्येकाला होतो. तो आवरावा. एक तर सड्यावरून काही उपटणं हेच वाईट, आणि दुसरं म्हणजे ही झाडं पेटीत जगत नाहीत. बेगोनिया आणि हबेअमरी पावसाळा सरला की जमिनीखालच्या कंदात शिरतात आणि पुढच्या मृगापर्यंत झोपतात. सीतेची आसवं आणि गेंद बी टाकून संपतात. त्यांना वैशाखाची कोरड हवीच असते. पेटीत कायमचा आषाढ असतो आणि त्यात झोपलेला कंद कुजतो. सदाहरित जंगलाच्या तळाशी वाढणारी झाडं इथे योग्य: फिटोनिया, पेपरोमिया, पायलिया, सेलाजिनेला, छोटे नेचे. रोपवाटिकेत ती सहज मिळतात.

मातीही रानातून खणून आणू नये. रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून 2003 मध्ये एका नव्या देवगांडुळाची नोंद झाली, गेगेनिओफिस शेषाचारी. हा बिनपायांचा उभयचर ओल्या मातीत राहतो आणि लोक त्याला गांडूळ किंवा साप समजून मारतात. त्याची मादी अंडी न घालता पिल्लांना जन्म देते, हे 2008 मध्ये कळलं. एका घमेल्याभर मातीत काय राहत असेल, याचा अंदाज त्यावरून यावा.

आणि बेडूक? परदेशात अशा पेट्यांत दक्षिण अमेरिकेतले रंगीत विषारी बेडूक पाळतात. पेटीतच जन्मलेल्या बेडकांत विष नसतं, कारण ते रानातल्या मुंग्या आणि माइट खाऊनच अंगात येतं. आपल्याकडे वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय यादीतल्या अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी बंधनकारक आहे. पण माझा आक्षेप कायद्यापलीकडचा आहे. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, पोटाच्या आणि मांड्यांच्या त्वचेतून ओढून घेतो. श्वासही बराचसा त्वचेतूनच घेतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, झाडांना घातलेलं खत, हाताचा साबण, त्याच्याच विष्ठेतला अमोनिया, सगळं त्याच वाटेने अंगात शिरतं. आपला बेडूक ऋतूवर जगतो. अनेक जातींचे बेडूक पाळणारे प्रजननासाठी पेटी आधी काही आठवडे कोरडी ठेवतात आणि मग आत कृत्रिम पाऊस पाडतात. अंगणातल्या बेडकाला हे सगळं फुकट मिळतं.

शिवाय कायट्रिड नावाची बुरशी. 1999 मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळालं. ती बेडकाच्या त्वचेवर वाढते, क्षारांचा तोल बिघडवते आणि शेवटी हृदय थांबवते. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांतही तिचा संसर्ग आढळला आहे. एका पऱ्यातला बेडूक धरून घरी आणणं, नंतर कंटाळून दुसऱ्या पऱ्यात सोडणं किंवा पेटीतलं पाणी बाहेर ओतणं, यातून ती पसरू शकते.

म्हणून पेटी झाडांसाठी ठेवा आणि बेडकाला वळचणीखाली जागा द्या. जांभ्याचे चार चिरे एकावर एक सैल रचून आत हात जाईल एवढी पोकळी ठेवावी, भोवती नेचे आणि अळू लावावं, आणि शेजारी उथळ मातीची थाळी. थाळीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण ओतून घासून टाकावं, नाहीतर डासांची अळी होते. बेडकाला खोल पाणी लागत नाही, बसून अंग भिजेल एवढं पुरतं. जवळपास कीटकनाशक मारू नये. पहिल्याच पावसाळ्यात न्हाणीत येणारा झाडबेडूक तिथे मुक्कामाला येण्याची शक्यता बरीच आहे. पाण्याच्या पिंपाच्या आतल्या बाजूला त्याने पांढरट फेसाचा गोळा चिकटवलेला दिसला, तर तो खरवडू नका: त्यात अंडी असतात, आणि काही दिवसांनी पिल्लं खालच्या पाण्यात पडतात. तोवर त्या पिंपावर मच्छरदाणी बांधून घरातलं पाणी दुसरीकडून घ्यावं.