‘नाही’ म्हणणे हेही शीलपालन

विहारात आपण पंचशील घेतो. दुसरे शील म्हणताना डोळ्यांपुढे चोरी येते. पण त्याचा अर्थ ‘जे दिलेले नाही ते न घेणे’ असा आहे. आम्हाला वाटते, पैसा-वस्तूंप्रमाणे दुसऱ्याची झोप, विश्रांती आणि शरीरही त्यात येते.

आपल्या वस्तीतली ताई पहाटे पाण्यासाठी उठते. चार घरची धुणीभांडी करून येते. घरी पाहुणे आले की पुन्हा गॅसपुढे उभी. चक्कर येते, पण ‘आज मला जमणार नाही’ हे शब्द तोंडातून निघत नाहीत. तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघते. गरोदर नसलेल्या स्त्रीचे ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर तो रक्तक्षय. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. पण गोळी रोज घ्यायला, पोटभर जेवायला स्वतःसाठी वेळ हवा ना?

संयुक्त निकायातील सेदक सुत्तात डोंबाऱ्याची गोष्ट आहे. बांबूवर कसरत करणारा गुरू शिष्याला म्हणतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, तसे नको. ज्याने त्याने आपला तोल सांभाळला तरच दोघे सुखरूप उतरू. भगवंतांनी शिष्याचे म्हणणे योग्य ठरवले. स्वतःला राखणारा दुसऱ्यालाही राखतो आणि मैत्री, करुणेने दुसऱ्याला राखणारा स्वतःलाही राखतो, असे त्यांनी सांगितले. म्हणजे स्वतःची काळजी हा स्वार्थ नव्हे.

सिगालोवाद सुत्तात तर कामकऱ्याला ताकदीप्रमाणे काम, आजारपणात शुश्रूषा आणि वेळेवर सुट्टी देण्यास सांगितले आहे. कामकऱ्याला जे द्यायचे, ते आपल्या घरच्या बाईला का नाही?

म्हणून घरोघरी एवढे करू या. खोली एकच असली तरी कपडे बदलायला पडदा लावू. मुलीचा मोबाइल तिला विचारल्याशिवाय उघडायचा नाही. लेकराला नको असेल तर पाहुण्याच्या मांडीवर बळेच बसवायचे नाही. पत्नी ‘आज नको’ म्हणाली तर तो शब्द शेवटचा माना. आणि ताईंनो, थकलात तर तसे मोकळेपणी सांगा.

‘नाही’ म्हटल्यावर घरात मारहाण होत असेल तर गप्प बसू नका. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. तातडीच्या वेळी ११२ लावा. शेजारणीला हाक मारा.

जय भीम! नमो बुद्धाय!