खपाचा अदमास आणि प्रतींचा रकाना

अलिबाग, मुरूड किंवा श्रीवर्धन येथे भरलेल्या ग्रंथप्रदर्शनातून बाहेर पडणाऱ्या ग्राहकाच्या पावतीवर पुष्कळदा ‘पुस्तके, नग ४’ एवढीच नोंद असते. ग्रंथाचे नाव तीत नसते, आणि म्हणून अमुक कादंबरी इतकी खपली असे जे आकडे छातीठोकपणे सांगितले जातात, त्यांत या चार प्रतींना स्थान मिळण्याचा संभवच उरत नाही.

नील्सन बुकस्कॅन ही गणनापद्धती २०१० साली भारतात आली. संगणकावर नोंद ठेवणाऱ्या दुकानांच्या विक्रीवरून ती खपाचा अदमास बांधते आणि इंग्रजी ग्रंथव्यवहारास तो बऱ्याच अंशी लागूही पडतो. परंतु ज्या भाषेतील ग्रंथ प्रदर्शने, शाळा, वाचनालये आणि टपाल यांच्या वाटेने वाचकापर्यंत जातो, तिच्या बाबतीत गल्ल्यावरची नोंद हा एकूण खपाचा कितवा हिस्सा हेच निश्चित नसल्यामुळे, त्या नोंदीस कितीने गुणावे हाही केवळ तर्कच ठरतो.

पेण तालुक्यातील गागोदे येथे जन्मलेल्या विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी सांगितलेली आणि साने गुरुजींनी टिपून घेतलेली ‘गीता प्रवचने’ पुढे भूदानयात्रेत गावोगाव विकली गेली. विनोबा प्रतींवर स्वाक्षरी करून देत. लाखांनी खपलेला हा ग्रंथ दुकानांच्या हिशेबाने मोजू जाता किरकोळ ठरला असता!

आवृत्तींची संख्याही निर्णायक नव्हे, कारण एक आवृत्ती हजाराची तर दुसरी शंभराचीही असू शकते. १८६७ च्या मुद्रण व ग्रंथनोंदणी कायद्यान्वये सरकारी दप्तरात पृष्ठे आणि किंमत यांच्याबरोबर आवृत्तीच्या प्रती किती, हेही लिहावे लागे. छापलेली प्रत विकली गेलीच असे नव्हे, गोदामात गठ्ठे पडून राहतात, हे खरे. तथापि त्या रकान्याने खपाची कमाल मर्यादा तरी ठरत असे. २०२३ च्या नव्या कायद्याने नियतकालिके ठेवली आणि ग्रंथ वगळले, ही मला मोठी हानी वाटते.

अहमदाबादच्या नवजीवन संस्थेने गांधीजींच्या आत्मकथेच्या मुद्रणपृष्ठावर प्रतींची संख्या छापण्याचा शिरस्ता पाळला आहे. मराठी प्रकाशकांनीही एवढी तसदी अवश्य घ्यावी. विकलेल्या प्रतींवर ज्याचे मानधन ठरते, त्या लेखकाला प्रकाशकाच्या जमाखर्चाची रुजुवात करण्यास त्यामुळे एक आधार तरी मिळेल.