हौदा दोन टनांचा, केबिन माणसाची

टोमॅटोच्या हंगामात नारायणगावच्या उपबाजारात गेलं, की आपली शेती कशावर धावते ते समोरच दिसतं. ट्रॅक्टर शेतात राहतो. बाजारात येते ती पिकअप. हौद्यात वीस-वीस किलोंच्या कॅरेटची थप्पी, वरून आवळलेला दोर, आणि पुढे केबिनमध्ये ड्रायव्हरशेजारी शेतकरी आणि त्याचा मुलगा दाटीवाटीने बसलेले. माल उतरला, विक्रीची पट्टी हातात पडली, की येताना भरलेली गाडी जाताना रिकामी किंवा खताची चार पोती घेऊन परतते. दुसऱ्या दिवशी तीच मंडपाचं सामान वाहते, आणि रात्री-अपरात्री घरातल्या आजाऱ्याला तालुक्याच्या दवाखान्यात पोचवायचं झालं तरी तीच दारात उभी असते.

दिवसभर मालगाडी आणि गरज पडेल तेव्हा घरची गाडी, अशा दोन नोकऱ्या ही गाडी करते. पहिल्या नोकरीसाठी कारखान्यांनी तिला वर्षानुवर्षं उत्तम तयार केलं. दुसरीचा विचार गेल्या दहा-पंधरा वर्षांत सुरू झाला. त्या विचाराने गाडीत काय बदललं आणि काय बदलता येत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे.

एकाच चासीची दोन घराणी

टाटांची ‘टाटामोबाइल २०६’ ही पिकअप १९८८ मध्ये पुण्यातून बाहेर पडली. तिच्याच सांगाड्यावर पुढे १९९१ मध्ये सिएरा, मग इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो उभी राहिली. महिंद्रांची वाट जीपमधून आली. २००० मध्ये बोलेरो आली आणि त्या नावाची पिकअप खेड्यापाड्यांत इतकी रुजली, की नुसतं ‘पिकअप’ म्हटलं तरी अनेकांच्या डोळ्यांपुढे तीच येते.

या दोन्ही घराण्यांत वाटणी एकसारखीच झाली. माणसं बसणार त्या गाडीला मऊ गाद्या, आतून अस्तर, पॉवर स्टीअरिंग, एसी. माल बसणार तिच्या केबिनमध्ये उघडा पत्रा, सरळ पाठीची सीट आणि दोन्ही हातांनी ओढावं लागणारं स्टीअरिंग. पिकअपमध्येही एक माणूस रोज दहा-बारा तास बसतो, हे हिशेबात फारसं धरलं जात नव्हतं.

रिकामी आदळते, भरली की बसते

केबिन सुधारणं हा पैशांचा प्रश्न असतो. गाडी आदळू न देणं हा भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे, आणि तो बराच अवघड आहे.

मोटारीत एकट्या ड्रायव्हरऐवजी पाच माणसं आणि सामान भरलं, तरी मागच्या चाकांवरचा भार दीडपटीच्या आसपास जातो. दीड-पावणेदोन टन पासिंगच्या, म्हणजे तेवढा माल वाहायची परवानगी असलेल्या, पिकअपमध्ये तो ढोबळमानाने तिप्पट होतो. एकाच स्प्रिंगने हलका भार अलगद झेलायचा आणि तिप्पट भाराखाली बसायचंही नाही, ही मागणी पुरी करणं कठीण. म्हणून मागे पाटे येतात. एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या, मधोमध एक्सलला बांधलेल्या आणि दोन्ही टोकांनी चासीला टांगलेल्या. खालचे जाड पाटे रिकाम्या गाडीत जवळजवळ निवांत असतात. माल चढला, वरचे पाटे सपाट होत आले, की ते कामाला लागतात. पाटे स्वस्त असतात, गावच्या कारागिरालाही दुरुस्त करता येतात, आणि एक्सलला जागेवर धरून ठेवण्याचं कामही तेच करतात.

किंमत मोजावी लागते ती परतीच्या वाटेवर. रिकाम्या गाडीला हे पाटे फार कडक पडतात. प्रत्येक खड्डा थेट ड्रायव्हरच्या मणक्यात पोचतो. म्हणूनच रिकाम्या पिकअपपेक्षा भरलेली चालवायला बरी, असं ड्रायव्हर सांगतात. आणि हा प्रश्न फक्त पाठीचा नाही. हौदा अर्धाच भरलेला असला, की असेच हिसके टोमॅटोला आणि द्राक्षालाही बसतात, आणि दबलेल्या मालाला लिलावात भाव पडतो.

या कोड्याची उत्तरं जगात वेगवेगळी शोधली गेली. अमेरिकेत रॅम १५०० ने २००९ च्या मॉडेलपासून मागचे पाटे काढून कॉइल स्प्रिंग बसवले आणि पुढे एअर सस्पेन्शनही दिलं. होंडा रिजलाइनने तर शिडीसारखी वेगळी चासीच सोडली आणि मोटारीसारखी एकसंध बॉडी घेतली. चाल मऊ झाली, पण अवजड कामाचा गिऱ्हाईक तिच्याकडे फारसा वळला नाही. फोर्डच्या एफ मालिकेतल्या पिकअप १९७७ पासून तिथे सर्वाधिक खपतात, आणि आजही साध्या एफ-१५० ला मागे पाटेच आहेत. फोर्डने आराम दुसरीकडून आणला. २०२१ च्या मॉडेलमध्ये गिअरचा दांडा आडवा निजवून त्या जागी लॅपटॉपपुरतं टेबल करता येतं, आणि हायब्रिड गाडीच्या हौद्यातल्या प्लगमधून ७.२ किलोवॉटपर्यंत वीज मिळते, म्हणजे बांधकामावरची यंत्रं जनरेटरशिवाय चालतात. या सोयींना आराम म्हणायचं की काम, हे ठरवणं कठीण आहे.

पांढरी पाटी, पिवळी पाटी

आपल्याकडे आराम आणि काम यांची वाटणी नंबरप्लेटच्या रंगाने झाली: पांढरी पाटी खासगी गाडीची, पिवळी धंद्याच्या गाडीची. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये आली. दोन्ही चार दरवाजांच्या, पांढऱ्या पाटीच्या. हायलक्सची चासी इनोव्हा क्रिस्टा आणि फॉर्च्युनरच्याच घराण्यातली. फॉर्च्युनरला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, हायलक्सला पाटे. म्हणजे ३४ लाखांना आलेल्या या गाडीतही भौतिकशास्त्राने सूट दिलेली नाही.

आकडे शेजारी ठेवले, की गंमत कळते. ऑटोमॅटिक हायलक्सचं इंजिन २.८ लिटरचं, २०४ अश्वशक्तीचं, टॉर्क ५०० न्यूटन मीटर. महिंद्राच्या बोलेरो मॅक्स पिकअपच्या एचडी श्रेणीचं डिझेल इंजिन अडीच लिटरचं, सुमारे ८० अश्वशक्तीचं, टॉर्क २२० च्या आसपास. पण दोन टनांपर्यंत माल वाहते ती ८० अश्वशक्तीवाली. हायलक्स त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. वजन वाहायला मजबूत एक्सल, जाड पाटे आणि ताकद पुरवून वापरणारे गिअर लागतात. अश्वशक्ती लागते ती वेगासाठी.

केबिनमध्ये काय आलं

खरा बदल पिवळ्या पाटीच्या गाड्यांत झाला, आणि तोही गाजावाजा न होता. २०११ मध्ये अशोक लेलँडच्या ‘दोस्त’ने सव्वा टनाच्या छोट्या मालगाडीत वरच्या मॉडेलला पॉवर स्टीअरिंग आणि एसी देऊन पाहिला. २०१९ च्या टाटा इन्ट्राने इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग आणलं आणि गिअरचा दांडा जमिनीवरून उचलून डॅशबोर्डवर नेला. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण त्यामुळे केबिनमधली वाट मोकळी झाली. ट्रक अंगावरून जात असताना उजव्या दाराने रस्त्यावर उतरण्याऐवजी डावीकडून फुटपाथवर उतरता येतं, आणि मधल्या माणसाच्या गुडघ्यावर गिअर आपटत नाही.

बोलेरो मॅक्स पिकअप २०२२ मध्ये आली, आणि २०२३ मध्ये तिची पूर्ण श्रेणी ७.८५ लाखांपासून बाजारात उतरली. सव्वा-दीड टनापासून दोन टनांपर्यंत पासिंग, ३०५० मिलिमीटरपर्यंत लांब हौदा, आणि त्याच्या जोडीला खाली-वर होणारी ड्रायव्हरची सीट, वळताना वळणाच्या बाजूला उजेड टाकणारा दिवा, गाडी कुठे आहे ते मालकाला मोबाइलवर दाखवणारी यंत्रणा. २०२५ मध्ये आलेल्या तिच्या एका सीएनजी मॉडेलमध्ये एसीही आहे.

एसीच्या बाबतीत एक विसंगती नोंदवली पाहिजे. २०२५ पासून नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झाला आहे, पण हा नियम एकूण वजन साडेतीन टनांच्या वर असलेल्या गाड्यांना लागू आहे. बहुतेक पिकअप त्याच्या आतल्या, म्हणून सुटल्या. मे महिन्यात जळगावहून केळी घेऊन निघालेल्या पिकअपच्या केबिनमध्ये ऊन काही कमी नसतं.

जास्तीचा पाटा

आता या गाडीच्या सगळ्यात मोठ्या दुखण्याकडे. पावणेदोन टन पासिंग म्हणजे, रिकाम्या कॅरेटचंही वजन धरलं तर, टोमॅटोची पंचाहत्तर-ऐंशी कॅरेट. शंभर भरली तर भाडं तेच, फेरी एक, म्हणून शंभर भरली जातात. गाडी मागे बसायला लागली, की मालक गॅरेजमध्ये जाऊन एक-दोन पाटे वाढवून घेतो. गाडी बसायची थांबते, आणि मालकाला वाटतं काम झालं.

गाडीखाली वाकून पाहिलं, तर अनेक पिकअपमध्ये मागच्या एक्सलपासून चासीकडे गेलेली एक बारीक सळई दिसते. तिचं दुसरं टोक ब्रेकच्या एका व्हॉल्व्हला जोडलेलं असतं. माल चढला की चासी खाली येते, सळई कलते, आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत तो दाब कमी ठेवतो, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरत नाही. जास्तीच्या पाट्यांमुळे भरलेली गाडीही वर उचललेली राहते. व्हॉल्व्हच्या लेखी ती रिकामीच. मग घाटात ज्या क्षणी मागच्या ब्रेकची सगळ्यात जास्त गरज असते, तेव्हाच तो कमी दाबाने लागतो. शिवाय रिकामी गाडी आणखी कडक होते ती वेगळीच. एका पाट्याने ब्रेक आणि पाठ, दोन्हींचा बळी जातो.

आराम आणि क्षमता एकमेकांच्या विरोधात असतात, हे म्हणणं स्प्रिंगपुरतं खरं आहे. केबिनमध्ये ते खोटं ठरतं. नीट बसलेला, घामाने निथळत नसलेला ड्रायव्हर रात्रीच्या दुसऱ्या फेरीतही ब्रेक वेळेवर दाबतो. सीट आणि स्टीअरिंग हीसुद्धा कामाचीच अवजारं आहेत. म्हणून पिकअप घेणाऱ्यांना तीन गोष्टी सांगायच्या. रोजच्या सरासरी मालाचा हिशेब करून त्या पासिंगची गाडी घ्या, वर्षातल्या एका मोठ्या खेपेचा नको. गरजेपेक्षा जड गाडी घेतली तर उरलेलं वर्षभर रिकाम्या पाट्यांवर आदळत राहाल. शोरूममध्ये मालकाबरोबर ड्रायव्हरलाही नेऊन अर्धा तास गाडी चालवू द्या. आणि पुढे कधी गॅरेजवाला पाटा वाढवायला सुचवील, तेव्हा त्याला नको म्हणा आणि वीस कॅरेट खाली उतरवा.