अण्णांची दुधी काच

अण्णांचा इस्लामपूरचा फोटो स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या भारतवारीत त्यांचा लाकडी हाफ-प्लेट कॅमेरा कपड्यांत गुंडाळून मी मँचेस्टरला आणला. घरी बॅग उघडली, तर भाता शाबूत, लेन्स शाबूत. मागच्या दुधी काचेचे मात्र तीन तुकडे!

ही काच म्हणजे या कॅमेऱ्याचा डोळाच. लेन्समधून आलेलं चित्र तिच्यावर उलटं उमटतं, डोकं खाली आणि पाय वर. फोटोग्राफर काळ्या कापडात डोकं घालून बघायचा ते हेच. फोकस जुळला की काचेच्या जागी फिल्मचा होल्डर बसवायचा.

अण्णांना सांगावं की नाही, यात दोन दिवस गेले. स्टुडिओ सांभाळायचं सोडून मी इंजिनिअरिंगला गेलो, तेव्हापासून त्या विषयावर आम्ही दोघंही गप्पच. शेवटी व्हिडिओ कॉलवर तुकडे दाखवले. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ते म्हणाले, "एवढंच ना? घास की घरी. आम्ही कुठं विकत आणत होतो?"

"खिडकीची दुधी काच नाही चालणार?"

"ती भरड असते. तीत पापणीचा केस दिसायचा नाही."

ते कुरुंदाची पूड वापरायचे. मी सिलिकॉन कार्बाइडची पूड मागवली, ४०० आणि ६०० नंबरची. फोटोफ्रेमची २ मिलिमीटरची काच मापात कापून घेतली. आधी तिच्या कडा ओल्या पॉलिश पेपरवर घासल्या, नाहीतर हात कापतो. मग ओल्या वर्तमानपत्रावर एक मोठी काच ठेवली, तिच्यावर अर्धा चमचा ४०० ची पूड आणि थोडं पाणी. वर आपली काच ठेवून हलक्या हातानं गोल गोल फिरवायची. पूड सुकू द्यायची नाही. काचेची धूळ छातीत गेलेली वाईट. आधी खरखर मोठी येते. पूड झिजली की आवाज मऊ होतो, मग नवी पूड घालायची. मधूनच काच धुऊन, पुसून उजेडात धरायची. चकचकीत ठिपका दिसला, की तिथं अजून घासायचं बाकी आहे. शेवटचा हात ६०० चा. त्याआधी सगळं स्वच्छ धुवायचं. जुन्या पुडीचा एक कण राहिला तरी ओरखडा पडतो. उरलेला गाळ कागदानं पुसून कचऱ्यात टाकला, सिंकमध्ये नाही.

काच तयार झाली. फिल्मऐवजी फोटोचा कागद वापरायचं ठरवलं. इथून जवळच मॉबर्लीला इल्फर्डच्या कारखान्यात कृष्णधवल फिल्म आणि कागद आजही बनतात. त्यांचा ५ बाय ७ इंची कागद बाथरूममध्ये लाल दिव्यात कापून होल्डरमध्ये भरला आणि लेकीला अंगणात बसवलं. कागद धुतला, तर तिचे डोळे धूसर आणि मागचं कुंपण स्पष्ट!

पुन्हा फोन. अण्णांचा एकच प्रश्न, "घासलेली बाजू कुणीकडं ठेवलीस?"

"बाहेर, माझ्याकडं."

"तिथंच चुकलास. ती लेन्सकडं पाहिजे. फिल्म जिथं बसणार, बरोबर तिथंच चित्र उमटायला हवं. काचेच्या जाडीनं फोकस सरकला तुझा."

काच उलटी करून बसवली. या वेळी काळ्या कापडात फोनही घेतला आणि काचेसमोर धरला. लेक उलटी लटकल्यासारखी दिसत होती. अण्णांना नीट दिसावं म्हणून मी फोन फिरवायला लागलो.

"राहू दे तसाच," ते म्हणाले. "जन्मभर माणसं उलटीच बघितली मी." मग जरा थांबून, अगदी स्टुडिओतल्या आवाजात, "हनुवटी थोडी खाली घ्यायला सांग तिला."

मी सांगितलं. पापण्या स्पष्ट आल्यात. तो फोटो आता इस्लामपूरला निघालाय, पोस्टानं.