गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे!

मनाचा आजार झाला की माणसाला काही कळत नाही, असे आपण सहज धरून चालतो. डॉक्टर-नर्सही तसेच धरून चालले तर रुग्णाच्या हक्कांचे काय?

इंग्लंड आणि वेल्समध्ये यासाठी दोन कायदे आहेत. १९८३ चा मानसिक आरोग्य कायदा फक्त मनाच्या आजारावरील उपचारांसाठी आहे. त्याखाली रुग्णाला इच्छेविरुद्ध रुग्णालयात ठेवता येते, पण त्याला न्यायाधिकरणाकडे दादही मागता येते. २००५ चा मानसिक क्षमता कायदा ज्यांना एखादा निर्णय स्वतः घेता येत नाही त्यांच्यासाठी आहे. निर्णय आपल्याला चुकीचा वाटला, एवढ्यावरून माणूस अक्षम ठरत नाही, असे हा कायदा बजावतो.

कोणता कायदा कधी लावायचा, हे आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवावे लागते. कलमे पाठ करून ते येत नाही. त्यासाठी दोन खटले समजून घ्यावेत.

१९९३ साली ब्रॉडमूर या मनोरुग्णालयातील एका रुग्णाचा पाय सडला. डॉक्टर म्हणाले, कापावा लागेल. रुग्णाने नकार दिला. त्याला स्किझोफ्रेनिया होता, तरी या निर्णयापुरते त्याला सारे कळत होते. न्यायालयाने त्याचा नकार मान्य केला.

दुसरा खटला सरे परगण्यातील बोर्नवुड रुग्णालयाचा. १९९७ साली तेथे एका स्वमग्न माणसाला ठेवले. त्याला बोलता येत नव्हते. त्याने विरोध केला नाही म्हणून कोणताच कायदा लावला नाही, आणि घरी सांभाळणाऱ्यांनाही भेटू दिले नाही. त्याचे स्वातंत्र्य बेकायदा हिरावले, असा निकाल युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २००४ साली दिला. त्यानंतर क्षमता कायद्यात संरक्षणाच्या तरतुदी आल्या. त्या २००९ पासून लागू झाल्या.

म्हणून कर्मचाऱ्याने आधी विचारावे: उपचार मनाच्या आजारावर की शरीराच्या? सोपे करून सांगितले तर रुग्णाला कळते का, लक्षात राहते का, बरे-वाईट तोलता येते का, खुणेने तरी सांगता येते का? त्याचा विरोध आहे का? उठून जायचे म्हटले तर जाऊ देतात का? उत्तरांप्रमाणे कायदा ठरतो. कधी एकाच रुग्णाला दोन्ही लागू होतात.

आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही मनोरुग्णाचा निर्णयाचा हक्क मानला आहे. इतरांना निर्णय चुकीचा वाटला, एवढ्याने तो हक्क जात नाही. तेव्हा घरात असा रुग्ण असेल तर डॉक्टरांना सांगा: आधी त्याला विचारा.